फळ्यांमधली बोटभर जागा

मित्रांनो, बेंबळीत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत कधी आलात, तर डाव्या हाताला पुरुषभर उंचीचं एक लाकडी कुंपण दिसेल. उन्हापावसानं त्याचा रंग राखाडी झालाय. काही फळ्यांच्या कडेला छिन्नीनं कोरलेले आकडे आहेत, तीन, सात, अकरा असे. ते कुंपण म्हणजे मी. कुंपण म्हणून माझं वय जेमतेम पाच वर्षांचं आहे. पण माझं लाकूड मात्र साठ वर्षांचं जुनं आहे.

त्याआधी मी एका दुकानाचं दार होतो. तेव्हा दुकानांना लोखंडी शटर नसायची. सागवानी फळ्या खालीवर कोरलेल्या खाचेत एकामागून एक सरकवायच्या, की दुकान बंद. क्रम चुकला की शेवटची फळी बसायची नाही, म्हणून प्रत्येक फळीला आकडा. दुकान भांड्यांचं होतं. ते सिद्धारामआप्पांच्या वडिलांनी थाटलं आणि पुढं आप्पांनी चाळीस वर्षं चालवलं. कपाळावर भस्माची तीन बोटं, अंगात पांढरा सदरा आणि बोलणं मोजून मापून. आप्पांचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे.

दुकानातलं दुसरं माणूस म्हणजे रुद्रम्माअक्का, आप्पांच्या पत्नी. त्यांचं माहेर आळंदकडचं, भाषा कानडी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता म्हणे. वर्षभरात गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्याइतकी मराठी त्या शिकल्या. भांड्यांवर नावं घालायचं काम त्यांच्याकडं होतं. कळशी पायात धरून त्या बसत आणि बारीक छिन्नीनं टिकटिक करत अक्षरं उमटवत. पुढं विजेचं मशीन आलं, तरी अक्षर तेच राहिलं, गोल आणि ठसठशीत. कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं, हे त्यांना तोंडपाठ असायचं. या गावात असं घर नसेल, जिथं अक्कांच्या हाताचं एखादं नाव फडताळात नाही.

आप्पांचे गुडघे थकले, तेव्हा त्यांनी दुकान विकलं. नव्या मालकानं शटर बसवलं आणि मला उतरवून रस्त्याकडेच्या भिंतीला टेकवून ठेवलं. आप्पा मला घरी न्यायला गाडी पाठवणार होते. तोवर आठवडाभर मी तिथंच होतो, म्हणून जे घडलं ते मला बघावं लागलं.

अक्कांना त्याआधी दोन वर्षांपासून विसर पडू लागला होता. आधी आमटीत मीठ दोनदा पडायचं. मग माणसांची नावं गेली. मग एकेक करून मराठी शब्दच गळायला लागले आणि मागं राहिली ती लहानपणची कानडी. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार बरा होणारा नाही, त्यांना जपा.

बाजाराचा दिवस होता. सकाळी दहाच्या सुमाराला अक्का अनवाणी चालत दुकानापाशी आल्या. निम्मं लुगडं अंगावर, निम्मं धुळीत. शटरवर दोन्ही हातांनी थापा मारत त्या ओरडू लागल्या, "बागला तगी री! बागला तगी!" म्हणजे दार उघडा हो, दार उघडा. कानडी न कळणाऱ्यांना वाटलं, म्हातारी शिव्या द्यायलीय. माणसं जमली. कुणी हसलं. दोघांनी मोबाईल काढून वर धरले. एकाही माणसानं पुढं होऊन ते लुगडं उचललं नाही, आणि मी तर नुसत्या फळ्या, मी काय करणार!

आप्पा धापा टाकत आले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी अक्कांच्या अंगावर घातलं आणि खाली मान घालून त्यांना घरी नेलं. भर बाजारात आप्पांनी मान खाली घातलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तिसऱ्या दिवशी मला शांतलिंग मिस्त्रींच्या कारखान्यात नेण्यात आलं. शांतलिंग नळदुर्गाकडचे, बेंबळीत येऊन वीस वर्षं सुतारकी करत होते.

आप्पा म्हणाले, "मिस्त्री, ह्या फळ्यांचं घराभोवती कुंपण करून द्या. उंच. आठ दिवसांत पायजे."

"आप्पा, भिंत का घालत न्हाय?"

"गवंड्याला इचारलं. काळी माती हाय, पाया खोल घ्यावा लागंल, न्हायतर भिंत तडकंल म्हणतोय. दोन महिने लागतेत. मला दोन महिने न्हाईत. सोलापुरात माझ्या गायत्रीच्या मोबाईलवर तिच्या आईचा व्हिडिओ गेला, मिस्त्री. कुणी काढला, कुणी धाडला, देवाला ठावं. पोरगी फोनवर नुसती रडत होती."

शांतलिंगांनी माझ्या एका फळीवर बोटाच्या गाठीनं ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "सागवान खणखणीत हाय. कमी पडंल तेवढं जुनंच सागवान आणू. खांब मात्र बाभळीचे घेऊ."

मित्रांनो, कुंपण म्हणजे फळ्या उभ्या करून खिळे ठोकायचे, असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. माझे खांब आप्पांच्या शेताच्या बांधावरच्या जुन्या बाभळीचे. लाकूड कुजतं ते जमिनीला टेकतं तिथंच. म्हणून शांतलिंगांनी प्रत्येक खांबाचं बूड जाळावर काळं होईतो भाजलं आणि वरून डांबराचे दोन हात दिले. सहा-सहा फुटांवर अडीच फूट खोल खड्डे काढले. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती बाहेर टाकून तळाला खडी आणि भोवती मुरूम ठासला. पाणी खाली निघून जावं, खांबाच्या पायाशी साचू नये, हा हेतू. खांबांचे माथे तिरके कापले, म्हणजे पाऊस वर थांबायचा नाही. फळ्या जमिनीपासून चार बोटं उचलून बसवल्या, म्हणजे वाळवीला सहज वर चढता येणार नाही. खिळ्यांऐवजी न गंजणारे स्क्रू वापरले.

इथवर सगळं रीतीनं झालं. मग अडलं ते एका गोष्टीवर.

शांतलिंग म्हणाले, "फळी-फळीत बोटभर जागा सोडतो, आप्पा. पावसाळ्यात लाकूड फुगतंय, त्याला अंग पसरायला जागा लागती."

"जागा न्हाय सोडायची. उलट जोडावर पट्ट्या मारा."

"आवं पण, वाऱ्याचं काय? वारं म्हंजे मोकाट बैल. वाट दिली तर जातंय निघून, न्हाय दिली तर शिंग मारतंय. वैशाखातलं वादळ आपल्याकडं कसलं असतंय, तुमाला म्या सांगावं का?"

"मिस्त्री," आप्पा शांतपणे म्हणाले, "वाऱ्याचं वारं बघून घेईल. मला नजर अडवायचीय. एक फट ठिवू नका."

शांतलिंगांनी हातातली पेन्सिल कानावर ठेवली. आप्पांच्या वयाचा मान होता, दुःख तर डोळ्यांसमोरच होतं. प्रत्येक जोडावर पट्टी ठोकून त्यांनी मला पुरतं बंद केलं.

नवव्या दिवशी मी उभा राहिलो. जवसाच्या तेलाचे दोन हात पिऊन मी उन्हात तांब्यासारखा झळकत होतो. येणारेजाणारे थांबून म्हणत, "काय कुंपण केलंय आप्पांनी!" मला फार बरं वाटायचं. मी दुकानाचं दार होतो तेव्हा रोज सकाळी उघडला जायचो; आता नुसतंच बंद राहायचं आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आतलं जग लहान होत गेलं. अंगण, तुळस, एक नळ, आणि अक्का. त्या माझ्या कडेकडेनं चालायच्या, एका हाताचा तळवा माझ्यावरून फिरवत. एका टोकाला गेल्या की वळायच्या. कधी थांबून कानडीत काहीबाही बोलायच्या. मी भिंत आहे की माणूस, त्यांना कळत नसावं. पलीकडं गजराबाईंचं घर. गजराबाई विधवा, शेळ्या पाळून राहणाऱ्या. पूर्वी दोघी अंगणाच्या कडेला बसून शेंगा फोडायच्या. आता पलीकडून मला गजराबाईंची पावलं ऐकू यायची. ती माझ्यापाशी येऊन थांबायची आणि परत जायची. एकदा त्यांनी हाक मारली, "अक्का, वो अक्का!" अक्का पट्टीला कान लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात आप्पा आले आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले.

आप्पा वाईट नव्हते, मित्रांनो. स्वयंपाक, धुणं, अक्कांची वेणी, सगळं ते एकटे करत. पण घरी कुणी आलं की फाटकातूनच बोलत, "झोपलीय ती." आणि अक्का तर माझ्यामागं जाग्याच असायच्या.

या सगळ्यात माझ्याकडं कोण बघणार? पहिला पावसाळा आला तशा माझ्या फळ्या फुगल्या. अंग पसरायला जागा नव्हती, म्हणून त्या एकमेकींना रेटू लागल्या आणि मधूनच पोट काढून वर आल्या. पट्ट्यांखाली ओल कोंडली, काळी बुरशी धरली. नळ गळत होता, त्याचं पाणी गजराबाईंच्या बाजूच्या एका खांबाशी मुरत राहिलं. कुणीतरी आणलेली वाळू माझ्या पायाशी ढीग करून टाकली, त्या ढिगातून वाळवीनं वाट काढली. दुसऱ्या वर्षी तेलही लागलं नाही.

मग वैशाखातली ती दुपार आली. सकाळपासून जीव घुसमटेल असा उकाडा होता. पान हलत नव्हतं. तीनच्या सुमाराला वायव्येकडून आभाळ काळं-तांबडं होत वर चढलं आणि बघता बघता धुळीची भिंत गावावर आली. आप्पा मागच्या सोप्याचे पत्रे दगडांनी दाबायला धावले. अक्का अंगणात होत्या.

वाऱ्याचा पहिला धक्का मी सोसला. दुसऱ्याला करकरलो. वाऱ्याला जायला माझ्यात एवढीशीही वाट नव्हती. तो सगळा जोर त्यानं माझ्या छातीवर टाकला. नळाजवळचा कुजलेला खांब बुडाशी मोडला, आणि माझी ती अख्खी बाजू गजराबाईंच्या अंगणात आडवी झाली. वरून सुपारीएवढ्या गारा पडू लागल्या.

अक्का माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. मी त्यांच्या अंगावर पडलो नाही, यात माझी काही हुशारी नाही. वारा तिकडं ढकलत होता, एवढंच. त्या काही क्षण माझ्याकडं बघत राहिल्या. मग एखाद्या साकवावरून चालावं तशा माझ्या फळ्यांवर पाय ठेवत त्या पलीकडं गेल्या.

आप्पा परत आले तेव्हा अंगण रिकामं होतं. "रुद्रम्मा!" त्यांनी हाक मारली. पावसाच्या आवाजात ती कुठं पोचणार! ते फाटकातून रस्त्यावर धावले. गारा डोक्यावर पडत होत्या, पाय चिखलात घसरत होते. शेजारी बघायचं त्यांना सुचलंच नाही. दीड वर्षात ती दिशाच ते विसरले होते. थेट जुन्या दुकानापर्यंत ते जाऊन आले.

मी मात्र गजराबाईंच्या दारात पडलो होतो आणि त्यांचं स्वयंपाकघर मला समोर दिसत होतं. गजराबाईंनी अक्कांना कोरडं लुगडं नेसवलं होतं, डोकं पुसलं होतं. अक्का चुलीजवळ पाटावर बसल्या होत्या. मांडीवर पितळी डबा होता आणि त्याच्या काठावरून त्यांचं बोट फिरत होतं. त्या एकेक अक्षर लावत वाचत होत्या, मराठीत, "चि... सौ... कां... गजरा..."

"व्हय अक्का, माझंच नाव ते," गजराबाई म्हणाल्या. "माझ्या लग्नातला डबा. तुमीच घातलंय. बघा की, कसं मोत्यावानी हाय."

त्यांनी तांब्या पुढं केला. अक्कांनी तोही वाचला. मग परात. मग कळशी. दीड वर्षात माझ्यामागं वावरणाऱ्या अक्कांच्या तोंडून जी भाषा मी ऐकली नव्हती, ती त्या भांड्यांच्या काठावरून हळूहळू खाली उतरत होती.

पाऊस ओसरला तेव्हा आप्पा माझ्यावरून अडखळत त्या दारात आले. डोक्याला गारेचं टेंगूळ, अंगभर चिखल. अक्कांना बघून ते उंबऱ्यावरच बसले.

"आप्पा, आत या," गजराबाई म्हणाल्या.

आप्पांनी चिखलानं भरलेले पाय उंबऱ्याबाहेर घेतले.

"एक इचारू का? आमचं काय चुकलं होतं? दीड वरीस झालं, मला वाटलं तुमी आमच्यावर रागावलाव. अक्का पल्याड बोलायल्यात ते मला रोज ऐकू यायचं. हाक मारावी तर तुमी त्यांना आत न्ह्यायचाव."

"लोक हसतेत, गजराबाई."

"कोण हसलं त्याला तुमच्या अंगणातून हाकला की! आमाला कामून हाकललाव?"

आप्पांनी उपरणं तोंडाला लावलं. आत अक्का परातीवरचं नाव पुन्हा पहिल्यापासून वाचत होत्या.

दोन दिवसांनी शांतलिंग आले. मोडलेला खांब त्यांनी उपटला, पट्ट्यांखालची बुरशी नखानं खरवडून बघितली. 'मी म्हणालो नव्हतो का' हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं नाही. चांगला कारागीर असलं बोलत नाही. आप्पाच म्हणाले, "मिस्त्री, पट्ट्या काढा. तुमी म्हणला होताव तशी बोटभर जागा सोडा."

"सगळीकडं?"

"सगळीकडं. आन् गजराबाईंच्या अंगाला एक लहान फाटक करा. कडी अशी लावा की त्यांनाबी उघडता आली पायजे."

यावेळी आप्पा स्वतः रंधा घेऊन बसले. त्यांनी माझी बुरशी तासली. वाळूचा ढीग हलवला, नळाला नवी चावी बसवली. मी पुन्हा उभा राहिलो, तो वेगळाच. रस्त्यावरून सरळ बघणाऱ्याला आतलं काही धड दिसत नाही. पण कुणी जवळ येऊन उभं राहिलं, तर आतल्या माणसाला ते कळतं. वारा माझ्या फटींतून शीळ घालत जातो. त्यानंतर तीन वैशाख झाले. दोन वेळा गावातली झाडं पडली. माझा एक स्क्रूसुद्धा ढिला झाला नाही.

गजराबाई रोज दुपारी फाटकातून येतात. त्यांना कानडी येत नाही, अक्कांना आता मराठी उरली नाही. तरी दोघी तासभर बोलतात. गल्लीतल्या आणखी दोघीतिघी येऊ लागल्या. येताना कुणी एखादं भांडं पदराखाली आणतं. अलीकडं अक्कांना ती नावंही वाचता येत नाहीत, पण भांडं हातात घेऊन काठ चाचपणं त्यांना आवडतं. बरं होण्याचा हा आजार नव्हे; कुंपण बदललं म्हणून तो थांबला नाही.

यंदाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. मृगाला पंधरा दिवस होते. आप्पा सकाळी वाटीत जवसाचं तेल आणि फडकं घेऊन माझ्या फळ्यांना तेल पाजत होते. ऐंशीच्या घरातलं शरीर, मध्ये मध्ये माझ्याच खांबाला धरून ते दम खात होते. अक्का ओट्यावर बसून बघत होत्या. आताशा त्या आप्पांना ओळखत नाहीत. बराच वेळ बघून झाल्यावर त्या उठल्या, जवळ आल्या आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाल्या, "ऊट आतेन री?"

जेवण झालं का तुमचं, असं त्यांनी विचारलं होतं.

आप्पांचा हात थांबला. पन्नास वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, ती त्यांना कुंपणाच्या कामावर आलेला कुणी गडी समजत होती. फडकं वाटीत ठेवून ते कानडीतच म्हणाले, "इन्ना इल्ल." अजून नाही.

अक्का आत गेल्या. गजराबाईंनी सकाळी दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ताटलीत घेऊन आल्या. "बर्री, कुंदर्री," या, बसा, म्हणत त्यांनी माझ्या सावलीत पोतं अंथरलं. आप्पा पाहुण्यासारखे मांडी घालून बसले. अक्का समोर बसून ते नीट जेवतात का बघत राहिल्या. भाकरी संपत आली तशी त्यांनी माझ्या ताज्या तेल लावलेल्या फळीकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "छलो माडीरि." छान केलंत.

आप्पांनी मान हलवली. उरलेला तुकडा त्यांनी फार सावकाश खाल्ला.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला वर्षातून एकदा तेल पाजलं, पायाशी पाणी साचू दिलं नाही, तरी मी तुमच्या नातवंडांपर्यंत उभा राहीन. माणसांना मात्र एवढ्यानं भागत नाही. त्यांच्याजवळ रोज कुणीतरी बसावं लागतं, ओळख असो वा नसो. तेवढं बसा.